देवळाच्या दारावर कोरलेले शेतकऱ्याचे वर्ष

आपल्या बहुतेकांच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराशेजारी खिळ्याला दिनदर्शिका टांगलेली असते. दुधाचा हिशेब, गाय भरवल्याची तारीख, मुलांच्या परीक्षेचा दिवस, सारे तिच्यावरच लिहिलेले असते. पान उलटले की मागे राशिभविष्य. अमक्या राशीला धनलाभ, तमक्या राशीने प्रवास टाळावा. आपण ते वाचतो, हसतो आणि तरीही ते मनात कुठेतरी घर करून राहते.

याच बारा राशी, म्हणजे तोच मेंढा, तोच बैल, तोच सिंह, तोच विंचू, युरोपातल्या खेडुतांना नऊशे वर्षांपूर्वी त्यांच्या देवळाच्या दारावर दगडात कोरलेल्या दिसत. मात्र तेथे राशीच्या शेजारी भविष्य लिहिलेले नसे. त्या महिन्यात शेतकऱ्याने करायचे काम कोरलेले असे. कुठे वेलीची छाटणी, कुठे गव्हाची कापणी, कुठे मळणी. शेतकऱ्याचे सबंध वर्ष देवाच्या दारावर गोलाकार मांडलेले!

या कोरीव कामाची छायाचित्रे एका पुस्तकात माझ्या पाहण्यात आली आणि ते पुस्तक मी शेतकऱ्यांच्या एका बैठकीला घेऊन गेलो. पुस्तक हातोहात फिरले. एका आजीबाईंनी चष्मा पुसून ते डोळ्यांजवळ धरले आणि विचारले, "साहेब, ह्ये गोऱ्यांचं देऊळ, आन् दारावर कुणबी? मग देव कुठं हाय?"

मी म्हणालो, "देव मधोमध आहे, आजी. कुणबी त्याच्या भोवती आहे."

आजीबाई जरा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "मंग बराबर हाय."

त्या बैठकीत जे सांगितले आणि जे सांगायचे राहून गेले, ते येथे मांडतो.

त्या काळची देवळे, त्या काळची शेती

साधारण इसवी सन १००० ते १२०० या दोनशे वर्षांत पश्चिम युरोपात गावोगावी दगडी चर्चे उभी राहिली. जाड भिंती, लहान खिडक्या आणि अर्धवर्तुळाकार कमानी ही त्यांची खूण. जुन्या रोमन इमारतींशी साम्य असल्यामुळे पुढे १९व्या शतकात या बांधणीला रोमनेस्क असे नाव पडले. या चर्चच्या मुख्य दारावर मोठी कमान असे आणि त्या कमानीच्या पोटात व कडेने पाथरवट मूर्ती कोरीत. बहुतेक लोकांना अक्षरओळख नव्हती. इसवी सन ६००च्या सुमारास पोप ग्रेगरी यांनी एका धर्मगुरूला लिहून कळविले होते, की ज्यांना वाचता येत नाही त्यांनी भिंतीवरच्या चित्रांवरून वाचावे. दारावरचे कोरीव काम हे त्या लोकांचे पुस्तकच होते.

ही चर्चे बांधायला पैसा आणि माणसे कोठून आली? पुष्कळशी शेतीतूनच. याच काळात तिकडे जड मातीत चालणारा चाकाचा लोखंडी फाळाचा नांगर पसरला. घोड्याच्या मानेला न आवळता खांद्यावर भार घेणारे जू आले, त्यामुळे घोडा नांगराला जुंपता येऊ लागला. जमिनीचे तीन भाग करून एकात हिवाळी गहू किंवा राय, दुसऱ्यात वसंतात पेरायचे ओट, जव किंवा वाटाण्यासारखे कडधान्य, आणि तिसरा पडीक, अशी पिकांची फेरपालट सुरू झाली. पाणचक्क्या वाढल्या. इंग्लंडच्या राजाने १०८६ साली जमीनजुमल्याची मोठी नोंद करविली, तीत साडेपाच हजारांहून अधिक पाणचक्क्या मोजल्या आहेत.

एवढे असूनही उत्पन्न बेताचेच होते. एक पायली गहू पेरला तर तीन-चार पायल्या हाती येत आणि त्यातली एक पुढच्या बियाण्याला काढून ठेवावी लागे. उरलेल्यात मालकाचा वाटा, चर्चचा वाटा आणि घरची पोटे. हंगाम चुकला तर सावरायला वाव नव्हता. योग्य वेळी योग्य काम ही त्या माणसांच्या दृष्टीने जगण्या-मरण्याची गोष्ट होती.

ओतँ आणि व्हेझले

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात, द्राक्षांच्या मुलखात, ओतँ नावाचे गाव आहे. तेथील सेंट लाझार चर्चचे पश्चिमेचे दार साधारण ११३०च्या पुढेमागे कोरले गेले. दाराच्या वरच्या अर्धगोलात येशू ख्रिस्त शेवटच्या दिवशी साऱ्या जगाचा न्याय करीत बसलेला आहे. त्याच्या पायांखाली "गिस्लेबेर्तुसने हे केले" अशा अर्थाचा लॅटिन लेख आहे. हा गिस्लेबेर्तुस म्हणजे पाथरवट की काम करवून घेणारा धनी, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण आपल्याला पाहायची आहे ती सर्वांत बाहेरची कमान. तिच्यावर गोल चकत्या ओळीने कोरलेल्या आहेत. एका चकतीत काम आणि दुसरीत राशी, असे करीत कमान पुरी होते. एकीत माणूस शेकोटीशी बसला आहे, एकीत द्राक्षवेल छाटतो आहे, एकीत धान्य झोडतो आहे. न्यायाचा शेवटचा दिवस मधोमध आणि रोजच्या कामाचे दिवस त्याच्या कडेने!

या दाराची कथाही ऐकण्याजोगी आहे. १७६६ साली तेथील धर्मगुरूंना हे काम जुनाट आणि ओबडधोबड वाटू लागले. त्यांनी त्यावर सरळ गिलावा चढविला. ख्रिस्ताचे डोके गिलाव्याच्या बाहेर येत होते, ते काढून टाकले. पुढे २३ वर्षांनी फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली आणि ठिकठिकाणच्या चर्चमधल्या मूर्ती फोडल्या गेल्या. ओतँची मूर्ती मात्र गिलाव्याखाली सुखरूप राहिली. १८३७ साली गिलावा काढला तेव्हा सारे काम आतून जसेच्या तसे निघाले. ते डोके १९४८ साली परत आपल्या जागी बसविण्यात आले. जे जुनाट म्हणून झाकले, ते झाकल्यामुळेच वाचले.

त्याच बर्गंडीत एका टेकडीवर व्हेझले येथे मोठे मठचर्च आहे. तेथे आतल्या दाराभोवती अशाच राशींच्या आणि महिन्यांच्या कामांच्या चकत्या आहेत. एकोणिसाव्या शतकात ही इमारत कोसळण्याच्या बेतात होती. १८४० साली व्हिओले-ल-द्युक या तरुण वास्तुविशारदाने तिची दुरुस्ती हाती घेतली म्हणून ती उभी राहिली. १९७९ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

राशी शेतीच्या कामाशी का जोडल्या?

वर्षभरात सूर्य आकाशातल्या एका पट्ट्यातून फिरताना दिसतो. त्या पट्ट्याचे बारा समान भाग करण्याची रीत बाबिलोनी लोकांनी, म्हणजे आजच्या इराकमधल्या ज्योतिष्यांनी, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी बसविली. तेथून ती ग्रीकांकडे गेली. ग्रीकांकडून एक वाट रोमकडे आणि पुढे युरोपातल्या या चर्चच्या दारांपर्यंत गेली, तर दुसरी वाट आपल्या देशाकडे आली. सहाव्या शतकात होऊन गेलेल्या वराहमिहिराने मेषेला 'क्रिय', वृषभेला 'तावुरि', सिंहेला 'लेय' अशीही नावे दिली आहेत. ती मूळ ग्रीक शब्दांचीच रूपे आहेत. म्हणजे आपल्या पंचांगातल्या राशी आणि ओतँच्या दारावरच्या राशी या एकाच घराण्यातल्या आहेत.

चुलत भावंडांत दिसतो तसा थोडा फरक मात्र आहे. आपला मकर हा मगरीसारखा जलचर, तर त्यांचा मकर पुढून बोकड आणि मागून मासा. आपल्या धनु राशीला धनुष्य आहे, त्यांच्याकडे ते धनुष्य अर्धा घोडा आणि अर्धा माणूस असलेल्या प्राण्याच्या हाती आहे. उत्तरेकडच्या थंड मुलखात विंचू माहीत नसल्यामुळे त्याला कधी सरड्यासारखे रूप मिळाले आणि खेकड्याच्या जागी पुष्कळदा नदीतला झिंगा आला. कन्या राशीबाबत मात्र दोन्हीकडे मेळ आहे. तिकडे कन्येच्या हाती धान्याचे कणीस असते आणि वराहमिहिराची कन्याही धान्य घेऊन नावेत बसलेली आहे. त्या राशीतल्या सर्वांत ठळक ताऱ्याला लॅटिनमध्ये 'स्पायका' म्हणजे कणीस म्हणतात. तो तारा आपण ओळखतो, ती आपली चित्रा. तसेच त्यांच्या बैलाचा लाल डोळा म्हणजे आपली रोहिणी, सिंहाचे हृदय म्हणजे मघा आणि विंचवाचे हृदय म्हणजे ज्येष्ठा.

चर्चच्या दारावर राशी पाहून कोणी म्हणेल की ते लोकही भविष्य पाहत असतील. पाहणारे होतेही. पण ख्रिस्ती धर्मातले थोर आचार्य संत ऑगस्टीन यांनी चौथ्या-पाचव्या शतकातच राशिभविष्यावर कडक टीका केली होती. माणसाचे नशीब ताऱ्यांच्या हाती आहे, हे त्यांना मान्य नव्हते. तरीही राशी दारावर आल्या, कारण येथे त्यांचा अर्थ काळ असा होता. सूर्य मेषेत आला की अमुक काम आणि सिंहेत आला की तमुक, एवढाच त्यांचा सांगावा. आकाश देवाचे, जमीन देवाची, आणि या दोहोंची सांगड घालणारा माणूस म्हणजे काम करणारा शेतकरी, असा त्या कमानीचा भाव आहे.

त्यांच्या जुन्या पंचांगाप्रमाणे १२व्या शतकात सूर्य मेषेत १४-१५ मार्चच्या सुमारास येई, म्हणून मार्चला मेष, एप्रिलला वृषभ, मेला मिथुन अशी जोडी बसविलेली आढळते. ते पंचांग दर १२८ वर्षांनी सुमारे एक दिवस ऋतूच्या मागे पडत होते. शेवटी १५८२ साली पोप ग्रेगरी तेरावे यांनी दहा दिवस गाळून ते दुरुस्त केले. त्या वर्षी ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर उजाडला! आपले पंचांग ताऱ्यांना धरून चालते, त्यामुळे आपली मेष संक्रांत १४ एप्रिलच्या सुमारास येते. आपल्याकडेही नक्षत्रांच्या तारखा ऋतूच्या मानाने सुमारे ७२ वर्षांनी एक दिवस पुढे सरकतात. पणजोबांचा मृग आणि आपला मृग यांतही असा एखाद-दुसऱ्या दिवसाचा फरक आहेच.

दगडातली बारमाही

आता त्या शेतकऱ्यांचे वर्ष पाहू. ठिकठिकाणची कामे एकत्र करून सांगतो.

जानेवारी हा दोन तोंडांचा माणूस असतो. एक तोंड गेल्या वर्षाकडे आणि दुसरे येणाऱ्या वर्षाकडे. फेब्रुवारीत बाहेर थंडीने जमीन गोठलेली असते, म्हणून माणूस शेकोटीशी पाय शेकत बसला आहे. त्याची ही विश्रांतीही देवाच्या दारावर कोरण्याजोगी मानली गेली, हे मला फार आवडले. मार्चमध्ये वेलीची छाटणी किंवा कुदळ-फावड्याने खणणे. एप्रिलमध्ये हाती फुले घेतलेली मूर्ती. मे महिन्यात मात्र शेतकरी दिसत नाही, घोड्यावरचा सरदार दिसतो. त्या सुमारास गवत वर येई, घोड्यांना चारा मिळे आणि सरदारांच्या स्वाऱ्या-शिकारी सुरू होत. बारा महिन्यांतला एक महिना मालकाने घेतला म्हणायचे!

मग गवताची कापणी. लांब दांड्याचे मोठे पाते दोन्ही हातांनी फिरवीत उभ्याने गवत कापतात. हे वाळलेले गवत म्हणजे जनावरांचा हिवाळ्याचा चारा. त्यानंतर विळ्याने गव्हाची कापणी, पेंढ्या बांधणे आणि मळणी. मळणी बहुधा चामड्याने एकमेकींना जोडलेल्या दोन काठ्यांनी झोडून केलेली दिसते. मग द्राक्षांची तोड, ती पायांनी तुडवणे आणि पिंपे भरणे. शरद सरताना ओकच्या झाडांची फळे झोडून पाडतात आणि त्यांवर डुकरे पोसतात. हिवाळ्यात साऱ्या जनावरांना चारा पुरत नसे, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरात पोसलेले डुक्कर मारून त्याचे मांस मिठात घालून ठेवीत. डिसेंबरात लाकूडफाटा किंवा जेवणाची पंगत. असे वर्ष पुरे होते.

आकाश एक, शेते वेगळी

येथपर्यंत सारे एकसारखे वाटते. पण एकेका गावचे कोरीव काम शेजारी ठेवून पाहिले, की एक गोष्ट आम्हा शेतीखात्यातल्या माणसांच्या नजरेत भरते.

इटलीत पार्मा येथे बाप्तिस्मा देण्याची स्वतंत्र इमारत आहे. तिचे काम ११९६ साली बेनेदेत्तो अंतेलामी या शिल्पकाराने सुरू केले. तेथे महिन्यांच्या मोठ्या सुट्या मूर्ती आहेत आणि त्यांच्यासोबत राशी आहेत. तेथे गव्हाची कापणी जूनमध्येच आहे. जुलैत मळणी चालू आहे आणि तीही घोडे खळ्यावर फिरवून, आपण पात धरून बैल फिरवीत असू तशी. ऑगस्टमध्ये माणूस पिंपाच्या पट्ट्या ठोकून बसवतो आहे, कारण सप्टेंबरात द्राक्षे येणार आणि त्यापूर्वी पिंपे तयार हवीत.

तेथून आल्प्स पर्वत ओलांडून बर्गंडीत व्हेझलेला आलो, की गव्हाची कापणी जुलैमध्ये आणि मळणी ऑगस्टमध्ये दिसते.

आणखी उत्तरेला, समुद्रापलीकडे इंग्लंडमध्ये, केंट परगण्यातल्या ब्रुकलंड गावच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याचे पाण्याचे कुंड आहे. ते दगडाचे नसून शिशाचे ओतलेले आहे, पण काळ तोच, १२व्या शतकाचा. त्याच्या वरच्या ओळीत राशी आणि खालच्या ओळीत महिन्यांची कामे आहेत. राशींची नावे लॅटिनमध्ये आणि महिन्यांची नावे त्या काळच्या फ्रेंच बोलीत आहेत. कुंडाभोवती वीस कमानी होतात आणि महिने तर बाराच, म्हणून मार्च ते ऑक्टोबर हे आठ महिने पुन्हा घातले आहेत. तेथे जूनमध्ये गवत कापतात, जुलैत ते दाताळ्याने गोळा करतात, गहू ऑगस्टमध्ये कापतात आणि मळणी सप्टेंबरात होते. इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात बर्नहॅम डीपडेल येथे याच काळातले दगडी कुंड आहे. त्याच्यावर राशी नाहीत, पण बारा महिन्यांची कामे आहेत. तेथेही पेंढी ऑगस्टमध्येच बांधलेली आहे, आणि जूनमध्ये शेतात निंदणी चाललेली आहे.

म्हणजे पहा, पार्माला गहू जूनमध्ये कापला, बर्गंडीत जुलैमध्ये आणि इंग्लंडमध्ये ऑगस्टमध्ये. उत्तरेकडे जावे तशी थंडी वाढते आणि पीक उशिरा तयार होते. सूर्य तिन्ही ठिकाणी त्याच राशीत आहे. राशी बदलली नाही, पण तिच्याखालचे काम गावागणिक बदलले. या कामांची चित्रे पोथ्यांतून एका देशातून दुसऱ्या देशात जात होती. पाहून जशीच्या तशी उतरवणे पाथरवटाला सोपे होते. तरी आपल्या भागात गहू केव्हा कापतात हे पाहून काम कोरले गेले.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर द्राक्षाचेच घ्या. बर्गंडीत थंडीत वेल झोपतो, म्हणून त्याची छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळा सरता सरता, आणि तोड सप्टेंबर-ऑक्टोबरात. आपल्या नाशिक-सांगलीकडे वेलाला तशी झोप मिळत नाही. म्हणून आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, अशा दोन छाटण्या करतो आणि आपली तोड उन्हाळ्याच्या तोंडावर येते. वेल तोच, सूर्य तोच. बर्गंडीचे वेळापत्रक आपल्या बागेत टांगले तर बाग बसलीच म्हणून समजा.

माझी एक चूक

हे सारे मी आज शहाणपणाने सांगतो आहे, पण नोकरीच्या सुरुवातीला मला हे कळत नव्हते. एका कोरडवाहू भागात मी नवा होतो. हाती एक छापील वेळापत्रक होते, ते चांगल्या पावसाच्या पट्ट्यासाठी केलेले होते. त्यात मृगाच्या पहिल्या पावसावर पेरणी करावी, असे होते. मी तेच गावोगाव सांगितले. एका वाडीवर एक वयस्कर शेतकरी मला म्हणाले, "साहेब, आमचं रान मुरमाड हाय. एका पावसाची ओल धरत न्हाई ते." मी कागद दाखविला आणि हसलो.

पहिला पाऊस आला. लोकांनी पेरले. मग तीन आठवडे आभाळ कोरडे राहिले. उगवलेले सारे करपले. त्या शेतकऱ्यांनी दुबार पेरणीचे बियाणे आणले, ते घरातला एक दागिना गहाण ठेवून. त्यांनी मला एक शब्दही बोलून दाखविला नाही. पुढच्या खेपेला त्यांच्या घरच्यांनी मला चहा दिला, आणि तो चहा घशाखाली उतरवणे मला जड गेले.

माझ्या कागदावर लिहिलेले खोटे नव्हते. ते दुसऱ्या शेतासाठी खरे होते. पाथरवटाने जे पाहून काम कोरले, ते मी शिकलेला असूनही पाहिले नाही.

तेव्हापासून मी नक्षत्राचे नाव ऐकून पेरणी सांगत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय आणि जमिनीत पुरेशी खोल ओल गेल्याशिवाय कोरडवाहू रानात पेरणीची घाई करू नये, हेच सांगतो. मृग निघाला म्हणजे तयारीला लागावे हे खरे. पण पेरायचे की थांबायचे हे आपल्या रानात खुरप्याने माती उकरून पाहून ठरवावे.

आपल्या घरची बारमाही

त्या बैठकीत पुस्तक फिरत फिरत मागे बसलेल्या बायकांकडे गेले. त्यांतल्या एकीने सारी पाने उलटून पाहिली आणि म्हणाली, "समदे बापयेच दिसत्यात. बाया काय झोपल्या व्हत्या?"

बैठकीत हशा पिकला, पण प्रश्न खरा होता. त्या दगडांत बाई क्वचितच दिसते. ब्रुकलंडच्या कुंडावर एप्रिल महिन्याची फुले घेतलेली एक स्त्री आहे, तेवढीच. वास्तविक पेंढ्या बांधणे, निंदणी, दूधदुभते, लोकर, कोंबड्या ही सारी कामे तिकडेही बायकाच करीत. पण कोरणाऱ्यांनी ती कोरली नाहीत, आणि म्हणून नऊशे वर्षांनंतर पाहणाऱ्याला वाटते की शेत पुरुषांनीच पिकविले. जे मांडले जात नाही, ते पुढच्यांना दिसत नाही.

तेव्हा एक गोष्ट सुचवतो. दोनशे पानी एक वही घ्या. तिची बारा महिन्यांची बारा घरे करा. त्यात पुस्तकातले काही उतरवू नका. आपल्या रानात पहिला पेरणीजोगा पाऊस कोणत्या तारखेला झाला, पेरले केव्हा, उगवण कशी झाली, पहिली निंदणी केव्हा आणि किती बायका लागल्या, अळी प्रथम केव्हा दिसली, विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात तळाला गेले, गाय केव्हा व्याली, चारा केव्हा संपला, एवढे लिहा. घरातल्या बाईचे काम वेगळ्या शाईने लिहा, म्हणजे ते झाकले जाणार नाही. शाळेत जाणाऱ्या मुला-मुलींना प्रत्येक महिन्याच्या घरात एक चित्र काढायला सांगा. पाच वर्षे अशी वही ठेवली, तर तुमच्या शेताचे जे पंचांग तयार होईल, ते कोणत्याही छापखान्यात मिळणार नाही. आमच्यासारखा अधिकारी दारी आला, तर ती वही आधी त्याच्यापुढे ठेवा आणि मग त्याचा सल्ला ऐका.

दिनदर्शिकेच्या मागचे राशिभविष्य वाचायचे असेल तर खुशाल वाचा, त्याला माझी ना नाही. पण पुढच्या वेळी मेष, वृषभ, मिथुन हे शब्द दिसले, की ओतँच्या दारावरचा तो शेकोटीशी बसलेला आणि मग उठून वेल छाटायला गेलेला माणूस आठवा. त्याचे नाव कोणी कोरले नाही, पण त्याचे वर्षभराचे काम अजून त्या दारावर आहे.